झीज धरू नये

लांबी अकरा मिलिमीटर. रुंदी, सगळ्यांत रुंद जागी, सात.
डोकं फावड्यासारखं, कडेला दोन खाचा.
पंखकवचावर सात रेघा, आठवी अर्धीच,
पुढं दगडानं बोट ठेवलंय.

यमगर्णीच्या वरच्या माळाला विहीर पाडताना
काळ्या फत्तराच्या दोन थरांमध्ये
हातभर हिरवट माती लागली.
तिच्यातून निघालेला हा तुकडा
दुर्गप्पा वड्डरानं तंबाखूच्या बटव्यात टाकला
आणि दोन उन्हाळे तिथंच ठेवला, चुन्याच्या डबीशेजारी.
"किडा हाय, बाई. सगणी हुळ.
बारकं असताना ह्याच्या मागं पळायचो आम्ही.
ह्यो काय पळंना."

साडेसहा कोटी वर्षं, मी म्हटलं.
त्यानं मान हलवली,
मीटरचा आकडा सांगितल्यावर हलवतात तशी.

तेव्हा गाय नव्हती, म्हैस नव्हती.
गोठा, शेणी, सारवण, कशाचाच पत्ता नव्हता.
खाली निवलेला लाव्हा, वरचा अजून जमिनीच्या पोटात,
आणि मधल्या फुरसतीत
कुणीतरी अवाढव्य इथं चरून गेलेलं.
त्याच्या मागं हा,
गोळा लोटत, मागच्या पायांनी, डोकं खाली, उलटा.

रात्री कॉलेजच्या लॅबमध्ये त्याला काढत बसते, ठिपक्यांनी.
रेघ ओढायची नाही. सावली हवी तिथं ठिपके दाट,
उजेड हवा तिथं हात आवरायचा.
पुढच्या नडगीला तीन दात असायला हवेत.
डावीकडं तीन आहेत, तिन्ही बोथट.
उजवीकडं दोन, आणि तिसऱ्याच्या जागी
गुळगुळीत उंचवटा, चिंचोक्यासारखा.

धारवाडच्या सरांना फोटो पाठवला.
उत्तर आलं: खणून खणून होतं तसं. म्हातारा नग आहे.
झीज हे लक्षण धरू नये.
आपण जातीचं वर्णन करतो, एकट्याचं नाही.

बरोबरच आहे.

आईच्या उजव्या अंगठ्याला पत्र्याचं नख असायचं,
विडीचं तोंड मिटायला.
दिवसाला हजार. निपाणीच्या कारखान्यात मोजून द्यायच्या,
त्यातल्या शंभरेक छाट म्हणून बाजूला पडायच्या,
पण परत मिळायच्या नाहीत.
पुढं बँकेत अंगठ्याचं मशीन आलं.
तिनं काचेवर चार वेळा ठेवला.
रेघाच नाहीत, पोरगा म्हणाला. पुसून ठेवा, आजी.
तिनं पदराला पुसला, पुन्हा ठेवला.
"असतील की रे आत कुठंतरी," म्हणाली,
आणि मागच्या बाईला जागा दिली.

लेबल लिहायचं राहिलं होतं.
गाव. तालुका निपाणी. जिल्ह्याशी पेन थांबलं.
सर म्हणाले, बेळगावी लिही, सरकारी तेच आहे.
लिहिलं. खाली अक्षांश आणि रेखांश,
त्यांच्याबद्दल अजून तरी कुणाची तक्रार नाही.

नाव दुर्गप्पाचं दिलं, लॅटिन शेपूट लावून.
सांगायला गेले तर तो दुसऱ्या विहिरीत होता,
चाळीस फूट खाली. वरूनच ओरडून सांगितलं.
खालून हसू आलं, गोल फिरत, वर यायला वेळ लागला त्याला.
"रेशन कार्डावर दुर्गाप्पा,
मतदार यादीत दुरगपा,
शेणकिड्यावर तरी नीट घाला, बाई!"

लेखाच्या शेवटी शेरा असतो, बारीक टायपात.
तिथं लिहिलं:
पुढच्या पायांचे दात झिजलेले, उजवा अधिक.
का अधिक, ते सांगायला पुरावा नाही
म्हणून तेवढंच.

सरांनी ओळ खोडली नाही.
फक्त 'अधिक'च्या आधी
'किंचित' घातलं.